वहिनी, प्रांत बदलला!

सकाळचे चहाचे आधण ठेवण्यापूर्वी आमचे सर रेडिओ लावीत. बातम्यांसाठी नव्हे. बातम्या चालू असेतो ते आवाज अगदी बारीक ठेवीत. हवामान सुरू झाले की मात्र आवाज वाढवून, मान कलती करून, परीक्षकाच्या मुद्रेने उभे राहत. निवेदिका सांगे, ‘रेजिनात आज उणे एकोणीस.’ सर रेडिओ बंद करीत आणि जमिनीवर टाच आपटीत. ती खूण माझ्यासाठी असे. कॅनडातल्या या शहरात मी त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. टाच वाजली की समजायचे: वर सर्व ठीक आहे, चहाला या.

वयस्कर माणसाला थंडीची काळजी असणार, असे मला प्रथम वाटले. मी तसे बोलूनही दाखवले.

‘थंडी मला नवी नाही, बाई,’ ते म्हणाले. ‘मी आकडा ऐकत नाही. एकक ऐकतो.’

‘एकक?’

‘अजून सेल्सिअसमध्ये सांगतात. ज्या सकाळी फॅरनहाइटमध्ये सांगतील, त्या सकाळी समजायचं की रात्रीत आपण तिकडे गेलो.’

‘तिकडे’ म्हणजे दक्षिणेकडच्या मोठ्या देशात, जिथे थंडी फॅरनहाइटमध्ये मोजतात. मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी कपात साखर घालून ती नेहमीप्रमाणे डावीकडून उजवीकडे ढवळली आणि मला बिस्किटांचा डबा पुढे केला.

सर म्हणजे माझे शिक्षक नव्हेत. ते इथल्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. बेळगावजवळच्या एका गावातून तरुणपणी कॅनडात आलेले. मीही सांगलीकडे एका शाळेत गणित शिकवीत होते, हे कळल्या दिवसापासून त्यांनी मला ‘बाई’ म्हणायला सुरुवात केली. माझ्याहून वयाने दुप्पट-अडीचपट मोठे असूनही ते मला अहोजाहो करीत. ‘शिक्षकाला शिक्षकानं तरी मान द्यावा, बाकी कोण देणार?’ असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या पत्नी मी येण्यापूर्वीच वारल्या होत्या. एकुलती मुलगी सीमेपलीकडे, मिनेसोटात डॉक्टर होती आणि दर रविवारी फोनवर एकच विनंती करीत असे, ‘बाबा, प्लीज, कम अँड लिव्ह विथ अस.’ सर मराठीत उत्तर देत, ‘इथलं दूध नासेल.’

या उत्तराचा अर्थ मुलीला कधी लागला नाही. मला लागायलाही बराच काळ गेला.

त्यांच्या घरात एकही सूटकेस नव्हती. हे मी आल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आले, कारण माझ्या दोन बॅगा त्यांनी जिन्याखाली ठेवू दिल्या नाहीत. ‘तुमच्या खोलीतच ठेवा. वर माणसाच्या मापाची बॅग नको.’ त्यांनी स्वतःच्या साऱ्या बॅगा नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना वाटून टाकल्या होत्या. कोणी कारण विचारले तर सांगत, ‘बॅग दिसली की लोकांना माणूस भरावासा वाटतो.’

घरात विक्षिप्त माणूस असला की त्याच्या सवयींचे हसू येते. त्या सवयी एका रांगेत लावून पाहिल्या की मात्र भीती वाटू लागते. सरांच्या बाबतीत माझे तसेच झाले. ते ग्रोसरीला गेले की प्रत्येक भाजीचे लेबल चष्मा कपाळावर चढवून वाचीत. संत्री दक्षिणेची निघाली की परत जागेवर. भेंडी दक्षिणेची निघाली तर मात्र ती हातात धरून थोडा वेळ उभे राहत, कारण भेंडी त्यांना फार आवडे. मग तीही परत. दुकानातली पंजाबी मुलगी हिंदीत ओरडे, ‘अंकल, भिंडी का क्या कसूर है?’ सर तिला म्हणत, ‘बेटा, कसूर भिंडी का नहीं है, रास्ते का है.’

‘बॉर्डर’ हा शब्द ते वापरीत नसत. ‘सीमा’ही म्हणत नसत. ते म्हणत ‘बांध’. ज्यांनी शेतीचे गाव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते: दोन शेतांमध्ये मातीची जी उंच पट्टी असते तो बांध. ती कोणाचीच नसते म्हणून दोघांची असते. दांडगा शेजारी ती एका दिवसात मोडत नाही. दरवर्षी नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्त घेतो. याला बांध कोरणे म्हणतात. काही वर्षांनी बांध जागेवरच दिसतो, फक्त तुमचे शेत लहान झालेले असते.

‘देश कोणी गिळत नाही, बाई,’ सर म्हणत. ‘गिळला तर घशात अडकतो, आवाज होतो, लोक धावून येतात. बांध कोरतात.’

त्या दिवसांत तिकडचा एक मोठा पुढारी थट्टेच्या सुरात म्हणाला होता की कॅनडाने आमचे आणखी एक राज्य व्हावे. इथले लोक आधी हसले, मग रागावले, मग बाजारात लेबले वाचू लागले. शेजारच्या प्रांतात काहीजण वेगळे होण्यासाठी सह्या गोळा करीत असल्याचे कानावर येई. आमच्या सस्कॅचेवान प्रांतातही कॉफीच्या दुकानात तो विषय निघे. इथे माझ्याबरोबर कोर्स केलेल्या मराठी मुलांना त्याचे सोयरसुतक नव्हते. ‘अगं, मर्ज झालं तर बरंच की,’ एकजण मला म्हणाला, ‘एका पीआरमध्ये दोन देश!’

मला तसे हसता येत नव्हते. माझा पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, अर्ज प्रांताच्या शिफारशीवर गेला होता. अमुक बाई आम्हाला हवी आहे, असे सस्कॅचेवानने देशाला सांगायचे आणि मग देशाने मला ठेवून घ्यायचे, अशी ती रीत. एकदा चहा पिताना हे मी सरांना समजावून सांगितले. त्यांनी बिस्किटांच्या डब्याचे झाकण लावले.

‘आणि शिफारस करणाराच घर सोडून गेला तर?’ ते म्हणाले.

त्या सकाळी खोलीत गेल्यावर मी अर्जाची प्रत पुन्हा वाचली.

उणे चाळीसचा दिवस सरांना मुळीच सोसत नसे. याचे कारण गणिती आहे. सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन मोजपट्ट्या एरवी एकाच थंडीचे वेगवेगळे आकडे सांगतात. पण खाली खाली जाताना उणे चाळीसवर दोघी एकमेकींना गाठतात. तिथे आकडा एकच; नुसत्या आकड्यावरून एकक ओळखता येत नाही. सांगलीकडे मी वर्गात हे समीकरण फळ्यावर सोडवून दाखवीत असे आणि मुलांना त्याची मौज वाटे. रेजिनाच्या कडक हिवाळ्यात असा एखादा दिवस उगवतोच. त्या सकाळी रेडिओवरची बाई नुसते ‘उणे चाळीस’ म्हणे आणि पुढे जाई. टाच वाजत नसे. सर कोट, बूट, दोन हातमोजे असा जामानिमा करून कोपऱ्यापर्यंत जात, रस्त्याच्या नावाची पाटी वाचीत, बसथांब्यावरची पाटी वाचीत आणि भुवयांवर बर्फ घेऊन परत येत. मग टाच वाजे.

‘पाट्याच का, सर?’ मी एकदा विचारले.

‘कारण देश बदलला की आधी पाट्या बदलतात. माणसं मागाहून.’

हे वाक्य ते पुस्तकातून बोलत नव्हते. ते मला त्याच वर्षी, पानगळीच्या दिवसांत कळले.

दर पानगळीत सर सीमा पाहायला जात. ओलांडायला नव्हे, पाहायला. पूर्वी ते शाळेच्या मुलांना बरोबर नेत. आता डोळे अधू झाल्यामुळे त्यांनी मला गाडी चालवायला सांगितले. गाडीला विंटर टायर होतेच. ते उन्हाळ्यातही काढलेले नसत, कारण ‘बर्फ पूर्वसूचना देत नाही.’ कापणी झालेल्या गव्हाच्या सपाट रानातून आम्ही दक्षिणेला गेलो आणि खडीचा रस्ता जिथे संपतो तिथे थांबलो. समोर एक उथळ चर होता, त्यात वाळके गवत, जरा दूर हातभर उंचीचा एक दगडी खांब. चराच्या अलीकडे गव्हाची कापलेली धाटे, पलीकडेही गव्हाची कापलेली धाटे.

‘रेषा दाखवा,’ सर म्हणाले.

‘हा चर, सर.’

‘सिद्ध करा.’

हे त्यांचे वर्गातले जुने पालुपद. मी खांबाकडे बोट दाखवले. ते म्हणाले, ‘खांब माणसानं रोवला. उपटतोही माणूसच.’ इतके बोलून होते न होते तोच वाऱ्याचा झोत आला आणि त्यांची लोकरीची कानटोपी डोक्यावरून उडून चरापलीकडे गेली. धाटांमध्ये अडकून ती तिथेच फडफडत राहिली. चार ढांगांचे अंतर. मी पुढे झाले.

‘थांबा!’ सर ओरडले. त्यांना इतक्या मोठ्याने ओरडताना मी प्रथमच ऐकले. ‘पाऊल टाकू नका. तुमचा अर्ज चालू आहे!’

‘सर, इथे कोण बघतंय?’

‘बघणारा दिसत नाही, म्हणूनच.’

मी मागे फिरले. सर उघड्या डोक्याने, उडत्या पांढऱ्या केसांनी पलीकडे पाहत उभे राहिले. मग गाडीत बसताना म्हणाले, ‘आजवर पुष्कळांनी मला टोपी घातली, बाई. काढून नेणारा देश आजच भेटला.’

परतीच्या वाटेवर, हीटर पूर्ण लावून, त्यांनी मला बेळगावकडची ती हकीकत सांगितली.

त्यांचे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. तेव्हा तो मुलूख मुंबई राज्यात होता. कचेरीच्या घरात ‘प्रांत’ हा शब्द दिवसातून अनेकदा उच्चारला जाई, पण त्याचा अर्थ भूगोलातला नसे. प्रांत म्हणजे प्रांतसाहेब, मामलेदाराच्या वरचा अधिकारी. प्रांत तपासणीला यायचे, प्रांत रागवायचे, प्रांतांची बदली व्हायची. नवा प्रांत कडक आला की घरात जेवणे उशिरा होत. आपल्या भाषेने प्रदेशाला आणि साहेबाला एकच शब्द दिला, त्यामुळे काय घडले पाहा.

भाषावार राज्ये झाली आणि त्यांचा मुलूख म्हैसूरकडे गेला. बातमी आली तेव्हा आई ओसरीत तांदूळ निवडत होती. शेजारचे काका फाटकातूनच ओरडले, ‘वहिनी, प्रांत बदलला!’

आईने सुपातून नजरही वर केली नाही. ‘बदलू दे की. ह्या प्रांतानं तरी काय दिवे लावले होते?’

‘सगळी आळी हसली,’ सर म्हणाले. ‘पुढं अनेक वर्षं लग्नामुंजीत हा किस्सा सांगत. मी मात्र कधी हसलो नाही. कारण आमच्या घरानं त्या बदलाला दिलेलं तेवढंच उत्तर होतं. एका चुकीच्या शब्दाला. बाकी आम्हाला कोणी विचारलंच नाही.’

मग पाट्या बदलल्या. आधी एसटीची, मग कचेरीची, मग रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांवरची अक्षरे. ज्या गावाचे नाव ते रोज वाचत, ते एका सकाळी त्यांना वाचता येईना. वडिलांना उतारवयात, चष्म्याला दोरी बांधून, कन्नडची बाराखडी गिरवावी लागली. परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरीत पुढे जाता येत नसे. मुलगा पाटीवर मराठी गिरवतो आणि शेजारी बाप कन्नड गिरवतो, असे ते चित्र.

‘कन्नड वाईट नव्हे हं,’ सर लगेच म्हणाले. ‘गोड भाषा आहे, मी अजून बोलतो. शेजारी चांगले होते. तक्रार भाषेची नाही. आम्ही हललो नव्हतो, बाई. ओसरी तीच, सूप तेच, तांदूळ तेच. खालची जमीन कोणीतरी ओढून घेतली, जेवणाऱ्याच्या खालचा पाट काढावा तशी.’

मी हिशेबाची बाई. मला राहवले नाही. ‘पण सर, ते राज्य बदललं, देश नाही. दोन्हींची तुलना...’

‘नकाशाच्या कोपऱ्यात काय असतं?’

‘प्रमाण.’

‘प्रमाण बदललं म्हणून नदी दुसरी होत नाही.’ मग त्यांनी काचेवर जमलेली वाफ बाहीने पुसली. ‘मी इथं आलो तो कोणी ढकललं म्हणून नव्हे. अर्ज करून, विमानाचं तिकीट काढून, माझ्या पायांनी आलो. देश निवडण्याचा हक्क मला एकदा मिळाला. आता म्हातारपणी, याच खुर्चीत बसल्या बसल्या, पुन्हा कोणी माझा प्रांत बदलू नये. एवढंच मागणं आहे. मुलीकडं गेलो तर मी स्वतःच तो बदलला असं होईल. आणि मी तिकडं असताना इथला बांध सरकला, तर परत यायचं कुठं?’

दूध नासेल, याचा अर्थ तो होता: मागे ठेवलेले आपण परत येईतो तसेच राहत नाही.

मुलगी हे समजू शकत नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिची आई असताना सर तिच्याकडे जात असत. तिथल्या विमानतळावरच्या पाट्यांवरून तिच्याशी भांडतही असत. ‘आपल्याकडे वॉशरूम. तिकडं म्हणे रेस्टरूम! जिथं कोणी टेकत नाही त्याला विश्रांतिगृह!’ हा त्यांचा ठरलेला विनोद. आता विनोद उरला नव्हता. म्हातारा बाप, निसरडा बर्फ, अधू डोळे आणि वर्षातले कितीतरी महिने शून्याखाली. तिची भीती तिच्या जागी खरी होती.

हिवाळ्याच्या सुरुवातीला डग आला. डग म्हणजे शेजारच्या घरातला, शेतीची यंत्रे विकणारा, भला थोरला माणूस. सरांच्या दारासमोरचा बर्फ तो न सांगता फावड्याने काढीत असे आणि त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणत असे. त्या दिवशी त्याच्या हातात सह्यांचे कागद होते. प्रांताने देशातून बाहेर पडावे का, यावर मतदान घ्या, अशी मागणी होती. आणि बाहेर पडल्यावर? ‘मग दक्षिणेशी बोलता येईल,’ डग म्हणाला. संभाषण इंग्रजीत झाले. मी ते मराठीत देते.

सरांनी त्याला बसवले, चहा दिला, कागद उलटसुलट पाहिला.

‘डग, तुझी तक्रार काय?’

‘प्रोफेसर, ओटावातल्या सरकारला आपण दिसत नाही. आपण पिकवायचं, त्यांनी ठरवायचं. तुमच्या वर्गात मागच्या बाकावर कोणी असायचं ना? तसे आपण.’

‘खरं आहे,’ सर म्हणाले. ते ‘खोटं आहे’ म्हणाले असते तर मला हायसे वाटले असते. ‘पण मोठ्या वर्गात गेलास म्हणजे पुढचा बाक मिळेल, हे सिद्ध कर.’

डग हसला. मग त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, ‘राग नका मानू. तुम्ही स्वतः तुमचा देश सोडून आलात. आणि मला सांगता, आहे तिथेच राहा?’

प्रश्न रास्त होता.

‘मी सोडून आलो,’ सर सावकाश म्हणाले. ‘एकटा आलो. शेजाऱ्याचं घर बरोबर घेऊन नाही आलो. तू जा, डग. खुशाल जा, मी तुला स्टेशनपर्यंत पोचवीन. पण तू जागचा न हलता चालला आहेस, आणि मला घेऊन चालला आहेस.’

डगने कागद घडी केला. ‘फेअर इनफ, प्रोफेसर,’ एवढेच बोलून तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारासमोरचा बर्फ नेहमीसारखाच स्वच्छ काढलेला होता; निसरडे होऊ नये म्हणून पायरीवर मीठही टाकलेले होते.

सर खिडकीतून त्या पायरीकडे पाहत होते. ‘पाहिलंत? किती भला माणूस आहे. वाईट असता तर मी घाबरलो नसतो.’

त्यानंतर सरांचे बाहेर जाणे वाढले. पूर्वी ते उणे चाळीसलाच पाट्या वाचायला जात. आता रोज जाऊ लागले. मी सांगून पाहिले, डगनेही सांगितले. आणि एका सकाळी कोपऱ्यावर, पाटीखालीच, ते घसरून पडले. डगनेच त्यांना उचलले. मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले होते.

शस्त्रक्रिया नीट झाली. मुलगी वादळातून गाडी हाकत आली. तिच्याबरोबर एक नवी लाल सूटकेस होती. ‘एकदा उभे राहिले की मी त्यांना घेऊन जाणार,’ ती मला कॉरिडॉरमध्ये इंग्रजीत म्हणाली. तिचे डोळे झोपेअभावी सुजले होते. ‘आय कान्ट डू धिस फ्रॉम देअर एनी मोअर.’ तिचे सारे मुद्दे बरोबर होते.

ती सूटकेस खोलीच्या कोपऱ्यात, पलंगाच्या नेमकी समोर उभी होती.

म्हाताऱ्या माणसांना भूल उतरताना भ्रम होतो, असे डॉक्टरांनी सांगितले होते. दुपारी मी गेले तेव्हा सर जागे होते, पण नजर खोलीत ठरत नव्हती. ती भिंतीवरून, खिडकीवरून फिरे आणि पुन्हा पुन्हा त्या लाल बॅगेवर येऊन थांबे. त्यांनी माझे मनगट धरले.

‘बाई, हे गाव कुठलं?’

‘रेजिना, सर.’

‘आणलं का मला तिकडं?’

‘बाबा, यू आर इन रेजिना,’ मुलगी म्हणाली. ‘आय ड्रोव्ह ऑल द वे.’

‘ती आली म्हणजे न्यायला आली. नेलं असेल.’ त्यांनी माझ्याकडे पाहिले. ‘सिद्ध करा.’

इतक्यात परिचारिका हात चोळत आत आली. आनंदी बाई होती. ‘मायनस फॉर्टी आउट देअर, फोक्स!’

सरांची बोटे माझ्या मनगटावर घट्ट झाली. ‘कशात?’ त्यांनी तिला इंग्रजीत विचारले. ‘सेल्सिअस की फॅरनहाइट?’

ती मनापासून हसली. ‘डझ इट मॅटर, हनी? फॉर्टी इज फॉर्टी!’

तिचे म्हणणे गणिताच्या दृष्टीने अचूक होते. सरांच्या चेहऱ्यावर मी जी भीती त्या क्षणी पाहिली, ती त्यापूर्वी लहान मुलांच्याच चेहऱ्यावर पाहिली होती, जत्रेत हात सुटलेल्या. खिडकीबाहेर बर्फ होता. तो दोन्ही देशांत पांढराच असतो. परिचारिकेचा उच्चार दोन्हीकडे चालला असता. पलंग, नळ्या, यंत्रे, कशावरही देश लिहिलेला नव्हता. मी दहा वर्षे मुलांकडून सिद्धता मागितलेली बाई. मला एका माणसाला तो आपल्याच गावात आहे, हे सिद्ध करता येईना.

मग मला ते दार दिसले.

‘सर, पाटी आहे. दारावर.’

‘वाचा.’

‘वॉशरूम.’

‘नीट बघा. रेस्ट नाही?’

‘नाही. वॉश. डब्ल्यू, ए, एस, एच.’

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, त्यांनी एकेक अक्षर मनात लावून पाहिले असावे. मग अगदी हळू आवाजात विचारले, ‘म्हणजे... प्रांत बदलला नाही?’

मला ती ओसरी आठवली, ते सूप आठवले. मी म्हणाले, ‘नाही सर. आहेत तेच प्रांत आहेत. बदलीचा हुकूम आलेला नाही.’

सरांनी डोळे उघडले. आणि मग हसले. पोटातून, खोकला येईपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ‘आणि ह्यांनी तरी...’ ते बोलू लागले, पण हसण्यापुढे वाक्य पुरे होईना.

‘काय दिवे लावलेत,’ मी पुरे केले.

मुलीला किस्सा ठाऊक असावा. लहानपणी कधी आजीच्या पत्रातून, कधी आईच्या तोंडून. ती आमच्याकडे आळीपाळीने पाहत राहिली. नंतर ती उठली, कोपऱ्यातल्या सूटकेसचा दांडा तिने वर ओढला. ‘आय'ल जस्ट पुट धिस इन द कार,’ ती म्हणाली. दारातून बाहेर पडताना बॅगेची चाके उंबऱ्यावर खडखडली. सरांनी तो आवाज दूर जाईपर्यंत ऐकला आणि माझे मनगट सोडले.

बर्फ वितळण्यापूर्वी ते गेले. याच शहरात, याच प्रांतात. मुलगी तोवर त्यांच्याजवळच राहिली; ती लाल बॅग परत वर आली नाही.

घर अजून विकलेले नाही. मी बेसमेंटमध्येच आहे, माझ्या अर्जाचे उत्तर यायचे आहे. डग यंदाही दारासमोरचा बर्फ काढतो. त्याच्या ट्रकच्या काचेवर आता मतदानाची मागणी करणारे स्टिकर आहे, आणि मला पाहिले की तो आपुलकीने हात हलवतो.

वर कोणी नाही. सरांचा रेडिओ मी खाली आणला आहे. आज सकाळी चहाचे आधण ठेवण्यापूर्वी तो लावला. निवेदिका म्हणाली, ‘रेजिनात उणे चाळीस,’ आणि पुढे गेली. कशात, ते तिने सांगितले नाही.

मी कोट चढवला, बूट घातले, दोन हातमोजे घातले आणि कोपऱ्यावरची पाटी वाचायला निघाले.